नाडा आहे तोवर दूध नाही

दूध पांढरं असतं, एवढंच त्याच्याबद्दल मला खात्रीनं सांगता येतं. बाकी त्यात काय काय असतं ते विचारू नका. माझी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी चहाचा कप तोंडाला लावताना पहिला विचार येतो तो हाच, की ह्या जनावराला गेल्या आठवड्यात कुणी सुई टोचली असेल का? घरचे वैतागतात. सून म्हणते, "आई, प्या गपचूप, पिशवीचं दूध आहे." अगं बाई, पिशवीच्या मागे जनावरच असतं की!

माझं पद पशुधन पर्यवेक्षकाचं. म्हणजे कागदावर मी डॉक्टर नाही. पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, आणि बाई असली की डॉक्टरीणबाई. सुरुवातीला लोक मला बघून म्हणायचे, "सायब न्हाईत का?" मी म्हणायची, "सायबच आलेत, जनावर धरा." म्हशीवाले पुरुष मला फार दिवस बिचकून असायचे. शेळीवाल्या बायांनी मात्र पहिल्या महिन्यातच आपलंसं केलं. आमच्याकडे म्हैस बाप्याची आणि शेळी बाईची. बाई रोजंदारीनं रानात निंदायला-खुरपायला जाते, येताना पदरात शेंगा नाहीतर पाला घेऊन येते, आणि त्याच्यावर तिच्या चार-आठ शेळ्या जगतात. अंगणात शेळी आजारी पडली की ती बाई मला आधी पाणी विचारायची, मग नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची, आणि सगळ्यात शेवटी शेळी दाखवायची.

आता जरा धंद्यातलं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जनावराला जंतू मारायचं औषध टोचलं की ते रक्तात उतरतं, रक्तातून कासेत आणि कासेतून दुधात. मग दिवसादिवसानं कमी होत निघून जातं. तेवढे दिवस त्या जनावराचं दूध माणसाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. किती दिवस, ते औषधाच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी भित्री, खोक्यावर असतील त्याच्या दुप्पट तरी सांगायची. "उकळून घेतलं तर चालंल का?" हा प्रश्न मला हजारदा तरी विचारला असेल. उकळीनं जंतू मरतात हो. औषध काही जिवंत नसतं मरायला.

आणि खरी पंचाईत पुढेच आहे. असं दूध एखाद्या वेळी पोटात गेलं तर दहातल्या नऊ जणांना काही होत नाही. काही झालं नाही की माणसाला वाटतं, डॉक्टरीणबाई उगं भेव घालायली. पण ज्याच्या अंगाला ते औषध मुळातच सोसत नाही, त्याला घोटभरही पुरतं. तो एक जण कोण, हे दुधाला बघून कळत नाही.

एकदा मी एका वस्तीवर गेले तर घरात रणकंदन चाललेलं. बारा शेळ्यांचं दूध, दोन दिवस विरजण लावलं तरी दही लागेना. सासूनं सगळं खापर सुनेवर फोडलं होतं. "बाजूला बसायच्या दिसात हिनं गाडगं शिवलं म्हून दही लागंना," असं ती मला तावातावानं सांगायला लागली. सून चुलीशी मान खाली घालून बसलेली. मला कारण लगेच कळलं, त्यातल्या दोन शेळ्यांना मीच परवा सुया दिल्या होत्या. विरजणात पण जंतूच असतात, चांगले जंतू. औषधाला चांगला-वाईट कळत नाही, ते सगळ्यांनाच मारतं. मी दोन वाट्या मागवल्या. एकीत सुई दिलेल्या शेळीचं दूध, एकीत दुसरीचं, दोन्हीत एकाच दह्याचं विरजण. सकाळी जाऊन बघितलं तर एका वाटीत दही खापरीसारखं घट्ट, दुसरीत नुसतं पाणीपाणी.

मला वाटलं सासूबाई वरमतील. कसलं काय! माझ्यावरच उखडल्या. "मंग हे आधी सांगायला काय झालतं तुमाला?"

"सांगितलं होतं. तुमच्या मालकांना सांगितलं, आठ दिवस दूध वापरू नका म्हणून."

"म्हाताऱ्याला सांगून काय उपेग? धार मी काढते!"

बाईचं बरोबर होतं. सकाळी सासू धार काढते, संध्याकाळी सून, एखाद दिवशी शेजारीण. मी सांगणार एकाला आणि तांब्या भरणार दुसरंच कुणी. सांगणं तोंडात राहतं. खूण असली तर ती जनावराच्या अंगावर पाहिजे, धार काढायला बसणाऱ्याच्या नजरेसमोर.

म्हणून मी नाड्याची युक्ती काढली. परभणीत एका दुकानात जाऊन परकराचा लाल नाडा घेतला, चांगला मोठा गुंडा. दुकानदार म्हणाला, "बाई, इतके परकर?" मी म्हटलं, "शेळ्यांना शिवायचेत." सुई दिली की शेळीच्या गळ्यात हातभर नाडा बांधायचा आणि घरातल्या झाडून सगळ्यांना गोळा करून म्हणायचं, "नाडा गळ्यात तवर दूध पोटात न्हाई." दिवस भरले की मीच जाऊन कात्रीनं कापायची. लोकांना ते पाठ झालं. वर्षभरात आमच्या दवाखान्याखालच्या सगळ्या गावांत डॉक्टरीणबाईचा नाडा माहीत झाला. वरच्या साहेबांनी एका बैठकीत चारचौघांत कौतुक केलं. मी आठ दिवस हवेत होते. खोटं कशाला सांगू?

पण आमच्या भागात गळ्यातला दोरा म्हणजे काय, हे मी विसरले. इथं शेळीला दृष्टीचा काळा दोरा असतो, दर्ग्यातून आणलेला हिरवा दोरा असतो. लेकराच्या मनगटाला असतो, बाळंतिणीच्या पायाला असतो. दोरा मनाई करत नाही, दोरा राखण करतो. आणि लोक डोळ्यांनी बघत होते ते एवढंच, की आजारी शेळीच्या गळ्यात बाई लाल नाडा बांधते आणि चौथ्या दिवशी शेळी उड्या मारते. सुई काय, टोचली आणि गेली. नाडा दिसत राहायचा. हळूहळू बाया म्हणायला लागल्या, "डॉक्टरीणबाई, सुई ऱ्हाऊ द्या, नुस्ता नाडा बांधा." मी हसायची. दवाखान्यात सगळ्यांना रंगवून सांगायची. ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

बोरीपासून आत एका गावात गयाबाई राहायची. नवरा वारलेला, लेक सुनीता पेडगावला दिलेली. गयाबाईच्या नऊ शेळ्या, आणि नऊही लेकींसारख्या. एक गाभण होती, दिवस भरत आलेले. मला बघून गयाबाईनं हट्टच धरला. "हिला बी नाडा बांधा."

"हिला सुई दिली नाही गयाबाई. हिला काही झालेलं नाही. नाडा सुई दिलेल्या शेळीला."

"तुमच्या हाताला गुण हाय, बाई. तुमचं काय जातंय हातभर नाड्यात?"

खरंच, काय जात होतं? आणि हाताला गुण आहे म्हटल्यावर कुणाला गुदगुल्या होत नाहीत? बांधला मी नाडा. पाचव्या दिवशी शेळी सुखरूप व्याली, दोन करडं झाली. गयाबाईनं त्या शेळीचा चीक काढला, गूळ घालून खरवस केला आणि मलाही वाटीभर दिला. शेळीच्या गळ्यात माझा लाल नाडा तसाच, आणि मी अंगणात बसून खरवस खातेय! माझाच नियम माझ्याच हातानं मोडला होता, तोही खरवस चाटत. तेव्हा मनाला शिवलंसुद्धा नाही. "लय झ्याक झालाय," म्हणाले आणि वाटी पुसून ठेवली.

त्याच भेटीत सुनीता माहेरी आलेली होती, तिची सात वर्षांची आरती घेऊन. मला म्हणाली, "बाई, तुमाला इंग्रजी येतंय ना, ह्याच्यात काय लिवलंय बगा." प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एका दवाखान्याचा कागद होता. पोर तीन वर्षांची असताना तिला घशासाठी एक सुई दिली होती आणि ती निळी पडली होती, कशीबशी वाचली. कागदावर लाल शाईनं लिहिलेलं होतं, पेनिसिलिन देऊ नये. मी सुनीताला समजावून सांगितलं, की हे नाव पाठ कर, कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस की पहिल्यांदा हा कागद दाखव. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. गयाबाईनं पण म्हटलं. "पिन्शिलीन," म्हणाली.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस गयाबाईची चांदी आजारी पडली. काळीभोर शेळी, कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांदी. एका बाजूची कास दगडासारखी कडक झालेली, सडातून पाणी आणि रक्ताच्या गुठळ्या. ह्याला आमच्याकडे दगडी म्हणतात. रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस मी जाऊन सुई दिली आणि दुखऱ्या सडात औषधाची नळी पिळली. औषध पेनिसिलिन. नाडा बांधला. "नाडा गळ्यात तवर" हे म्हणाले असेन, सवयीनं. पण म्हणाले का, हे आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्या आठवड्यात घरोघर ताप होता आणि मला चार गावं करायची होती.

गुरुवारी सकाळी गयाबाईची शेजारीण कौसाबाई जंताचं औषध न्यायला दवाखान्यात आली. मी सहज विचारलं, "चांदी कशी आहे?"

"बरी झाली की. गयाबाई घिऊन बी गेली तिला पेडगावला. काल सकाळीच, आटोत घालून. नातीला डेंगू झालाय म्हणं."

डेंगीच्या तापावर शेळीचं दूध हा आमच्याकडचा घरोघरचा उपाय आहे. पेशी वाढतात म्हणतात. तापाच्या दिवसांत गावोगाव माणसं तांब्या घेऊन शेळीवालीच्या दारात उभी असतात. त्यात आजीच्या स्वतःच्या शेळ्या असल्यावर ती काय हात हलवत जाणार?

"नऊतली चांदीच कामून नेली?" मी विचारलं.

"नाड्याची हाय म्हून. नाड्याच्या शेळीचं दूध लय गुणाचं, म्हणली."

नाव आठवलं, कागद आठवला, लाल शाई आठवली. मी कौसाबाईकडून पेडगावच्या जावयाचा नंबर घेतला आणि लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, तेच. पेडगावच्या आमच्या माणसाला लावला, तो लसीकरणाला कुठल्या रानात गेलेला, त्याचा फोन लागेना. मी स्कूटी काढली. औषधाच्या नळीचं रिकामं खोकं केराच्या डब्यातून उचलून पर्समध्ये टाकलं, एवढं सुचलं ते देवाची कृपा.

बोरीहून झरी, झरीवरून परभणी, तिथून मानवतच्या रस्त्यानं पेडगाव. एरवी हा रस्ता मी गाणी म्हणत कापला असता. त्या दिवशी मी मोजत होते. मंगळवारी सकाळी शेवटची नळी. बुधवारी दुपारी ती पोचली असेल. बुधवारची संध्याकाळ, गुरुवारची सकाळ. दोन वेळा. कदाचित तीन. गयाबाई तशी शहाणी, दुखऱ्या सडाचं दूध ती पोरीला देणार नाही, चांगल्या सडाचंच देईल. पण सुई रक्तात जाते बाई, रक्त दोन्ही सडांना एकच! हे मी मोठ्यानं बोलत होते. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला वळून बघायला लागला.

झरीला थांबून पुन्हा फोन लावला. ह्या वेळी जावयानं, बालाजीनं उचलला.

"आरतीला शेळीचं दूध देऊ नका. एक थेंब देऊ नका. मी जनावरांच्या दवाखान्यातली बोलतेय, बोरीची."

"आत्ताच पाजलं की, पेलाभर. पर कामून?"

"पोरगी कशी आहे?"

"ताप उतरलाय. अंगावर गांधी उठल्यात लालभडक, खाजवायलीय. गावातल्या डाक्टरला दाखवलं, डेंगूचंच हाय म्हणले."

डेंगीत अंगावर पुरळ येतं. ते डॉक्टर चुकीचं बोलत नव्हते, त्यांना शेळीचं कोण सांगणार? शेळीच्या सुईतलं औषध आणि पोरीचा कागद, हे दोन्ही माहीत असलेली जगात एकच बाई होती आणि ती झरीच्या फाट्यावर उभी होती. मी बालाजीला म्हटलं, "डेंगीचं नाही ते. तिला न चालणारं औषध दुधातून गेलंय. गाडी करा आणि आत्ता परभणीला न्या."

तो म्हणाला, "बाई, राग मानू नका, पर तुमी ढोराच्या डाक्टर. मानसाचे डाक्टर म्हणायलेत बरं हाय. उगं लेकराला कशाला हलवता?" आणि फोन ठेवला.

मला राग आला नाही. रागाला तेव्हा जागाच नव्हती. तो बरोबर बोलत होता, हाच वांधा होता.

पेडगावात पोचले. घर विचारत विचारत दारात गेले. अंगणात चांदी बांधलेली, गळा मोकळा. माझा नाडा तिच्या गळ्यात नव्हता. आत बाजेवर आरती पडलेली. ओठ सुजून वर आलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या, अंगभर चट्टे. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. आणि तिच्या मनगटात माझा लाल नाडा, दोन वेढे देऊन, नीट गाठ मारून.

गयाबाई माझ्याकडं बघून हरखली. देवच दारात आल्यासारखा तिचा चेहरा झाला. "आल्या बगा डॉक्टरीणबाई! तुमचाच बांधलाय, बाई. शेळीला गुण आला, पोरीला कसा येत न्हाई?" तिच्या हातात पेला होता. दुसरा पेला. अर्धा.

मी तो हिसकावला आणि दूध जमिनीवर गेलं. आजारी लेकराच्या उशाशी दूध सांडणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. बालाजीची आई तोंडावर पदर धरून मागं सरकली. मी म्हटलं, "सुनीता, तो कागद कुठं आहे? लाल शाईचा?" सुनीतानं माझ्याकडं बघितलं, मग आरतीकडं बघितलं, आणि तिच्या तोंडून हळूच ते नाव बाहेर पडलं. तिनं ते पाठ केलं होतं. "पर सुई तर कुणी दिली न्हाई हिला," ती म्हणाली.

"शेळीला दिली," मी म्हटलं. "मी दिली."

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. शेजारच्याची जीप मिळाली. सुनीताच्या मांडीवर आरती, पलीकडं बालाजी, मागच्या बाकावर गयाबाई आणि मी. सबंध रस्ताभर मी त्या शिट्टीच्या आवाजाकडं कान लावून होते. आवाज आला की भीती वाटायची, आणि मधेच आला नाही की जीव जायचा.

परभणीत मुलांच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे होते. मी सांगायला लागले तर म्हणाले, "एक मिनिट मावशी, इंजेक्शन पेशंटला दिलंय की शेळीला?" मी पर्समधून खोकं काढून टेबलावर ठेवलं. सुनीतानं कागद ठेवला. त्यांनी दोन्ही वाचले, आणि लगेच उठले. सुई, प्राणवायू, सलाईन, सगळं माझ्यासमोर भराभर झालं. आम्हाला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मी आयुष्यात इतकी जनावरं मरताना बघितली आहेत, पण तेव्हा हात काहीतरी करत असतात. इथं हात मांडीवर ठेवून बसायचं होतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सूज उतरायला लागली. श्वास मोकळा आहे." मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "आणखी एकदा पाजलं असतं तर मला काही करता आलं नसतं." डेंगीसाठी आरतीला पुढं पाच दिवस ठेवून घेतलं. त्यातूनही ती निघाली.

पण त्या बाकावर आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. बालाजी गयाबाईपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "मामी, तुमी माज्या लेकराला इख पाजलं." दवाखान्यातली माणसं बघायला लागली. गयाबाई पदराचा बोळा तोंडात धरून उभी. मी तिथंच बसले होते. गाभण शेळीचा नाडा, खरवसाची वाटी, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. आणि मी गप्प बसले. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं, हे त्या घडीला माझ्या मनात आलं. आलं, ते लपवत नाही.

मी निघताना गयाबाईनं मला एवढंच विचारलं, "चांदीची कास भरून आली आसंल. दुधाचं काय करू?"

"मातीत पिळा. मंगळवारपर्यंत रोज, दोन्ही वेळा."

दुधाचा थेंब सांडला तर बोटानं टिपून कपाळाला लावणारी बाई ती. "बरं," म्हणाली.

पुढच्या बुधवारी मी पेडगावला गेले. आरती आदल्या दिवशीच घरी आली होती. दारात बसून बांगड्यांच्या काचा मांडत होती, चेहरा सुकलेला पण आपल्या जागी. गयाबाई तिथंच होती. लेकीनं तिला जाऊ दिलं नव्हतं, जावई अजून तिच्याशी बोलत नव्हता. मी तिला, सुनीताला आणि बालाजीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. नाडा कशासाठी होता, गाभण शेळीला बांधून मी तो कसा नासवला, त्या दिवशी दवाखान्यात मी कशी गप्प बसले. "गयाबाईनं जे केलं ते माझ्याकडं बघून केलं," म्हणाले. बालाजी मान खाली घालून ऐकत होता. शेवटी उठला, सासूपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर गेला. गयाबाईच्या डोळ्यांना धार लागली. माझ्यापण.

मग ती उठली, चांदीची धार काढली आणि पेला घेऊन आली. "आज आठवा दिस हाय, बाई. तुमचे सात भरले. आता चालतंय का?"

आरतीनं काचा टाकल्या आणि आजीच्या गुडघ्याला येऊन बिलगली. "आजी, मला."

"थांब. आधी बाई पितील." गयाबाईनं पेला माझ्यापुढं धरला. तिच्या नजरेत राग नव्हता, पण ती नजर हटतही नव्हती. मी पेला घेतला आणि दोन घोट प्याले. कोमट, गोडसर, चांगलं दूध होतं.

"आता देऊ पोरीला?"

मी तोंड उघडलं आणि मला 'हो' म्हणता येईना. "नको," म्हणाले.

"तुमी तर प्यालात."

"मला ते औषध चालतं, गयाबाई. मी प्याल्यानं काही कळत नाही."

"मंग सात दिसाचं?"

मी तिला खोक्यावरचं खरं सांगितलं, जे मी इतक्या वर्षांत एकाही बाईला सांगितलं नव्हतं. तिथं जे दिवस छापलेले असतात ते गायीचे असतात. शेळीचे छापलेलेच नसतात. शेळीचं औषध म्हणून कुणी ते तपासलेलंच नसतं. मी गायीचे दिवस घेते आणि दुप्पट करते.

गयाबाई म्हणाली, "मंग इतकी वर्सं तुमी आमाला कशाच्या भरवशावर सांगत व्हतात, बाई?"

"अंदाजानं," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातला पेला घेतला, दारापुढच्या मातीत पालथा केला आणि आरतीचा हात धरला. "चल," म्हणाली, "तुला भात कालवून देते."